ओट्यावरचं माहेर

बोईसरला उतरल्यावर रिक्षावाल्याला म्हटलं, "जुन्या बाजाराच्या मैदानाकडे घे." त्याने विचारलं, "कौनसा मैदान?" प्रश्न रास्त होता. त्याने मला एकाच चौकातून दोनदा फिरवलं आणि शेवटी मोबाइलच्या दुकानांच्या एका ओळीसमोर उतरवलं. तिथे कोपऱ्यात एक बाई निळ्या प्लास्टिकवर सुके बोंबील मांडून बसली होती. ती नसती तर मलाही जागा ओळखता आली नसती. डोळ्यांना काहीच सापडलं नाही, नाकाला मात्र लगेच सापडलं. मी पिशवीभर बोंबील घेतले. घरी कोणी खात नाही, तरी घेतले.

इथेच कुठेतरी आमचा ओटा होता.

आम्ही मूळचे घाटावरचे. तारापूरच्या किनाऱ्यावर अणुविजेचा मोठा प्रकल्प उभा राहत होता. त्याच्या भांडारात वडिलांना नोकरी लागली आणि आम्ही बोचकी बांधून इकडे आलो. साठच्या दशकातली मधली वर्षं. महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे होऊन थोडाच काळ झाला होता. सरहद्द नकाशावर पक्की झाली होती, माणसांच्या तोंडात अजून बसली नव्हती. वाण्याच्या दुकानावरची पाटी मराठी, आतलं भांडण गुजराती, आणि गिऱ्हाईक तिसऱ्याच बोलीत घासाघीस करायचं. सौदा तरीही व्हायचा. आईला सुरुवातीला वाटायचं, आपण परमुलखात येऊन पडलो आहोत, आणि ती ते दर जेवणाला वडिलांना ऐकवायची.

मुलूख तसा अरुंद. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला डोंगर, आणि सकाळी एकीकडून निघालेला माणूस दिवेलागणीला दुसरीकडे पोचेल एवढंच मधलं अंतर. पण तेवढ्याशा पट्टीत किती तऱ्हेची माणसं राहत होती! दांडी, मुरबे अशा किनाऱ्यावरच्या गावांत मच्छीमार. त्यांच्या पाठीला लागून वाडवळांच्या वाड्या, त्यांत माड, केळी, पानवेली. ताडांवर चढणारे भंडारी. मग खाऱ्या पाण्याचं खाजण, मग रूळ. रुळांच्या दोन्ही अंगांना भातशेती आणि गवताच्या वखारी. भात कापून झालं की उमरोळीपासून बोईसरपर्यंत सगळीकडे गवत वाळत पडलेलं असायचं. त्याच्या गासड्या बांधून मालगाडीच्या वाघिणींत भरायच्या, त्या मुंबईच्या तबेल्यांकडे जायच्या. त्या दिवसांत अख्ख्या गावाला गोड, कोरडा वास यायचा आणि मला सारख्या शिंका यायच्या. वखारींच्या पलीकडे जमीन चढायला लागे, साग आणि पळस सुरू होत, आणि तिथे वारल्यांचे पाडे.

प्रकल्पाच्या वसाहतीतली घरं अजून बांधून व्हायची होती. म्हणून आम्ही बाजाराच्या मैदानाला लागून एका गवताच्या व्यापाऱ्याची खोली भाड्याने घेतली. खोली लहान, पण पुढे चांगला रुंद दगडी ओटा. आईला ओटा पाहून बरं वाटलं. वाळवणाला होईल, म्हणाली. बाजाराच्या दिवशी सकाळी दार उघडून पाहते तर ओट्यावर दोन बायका बसलेल्या आणि त्यांच्यामध्ये सुक्या बोंबलांची भली मोठी टोपली.

आईच्या माहेरी मासळी शिजत नसे, सासरी चोरून शिजत असे. ती तोंडाला पदर लावून थेट घरमालकांकडे गेली. ते शांतपणे म्हणाले, "ए ओटलो तो बजारनो छे, बेन." आईला गुजराती येत नव्हतं, पण हे वाक्य तिला नीट कळलं. त्या दिवसापासून बाजार उठला की ती शेणाचं पाणी घेऊन ओटा सारवून काढायची आणि पुढच्या बाजाराला त्या दोघी पुन्हा येऊन बसायच्या.

एक जमनाबाय, दांडीची. उंच, काळीसावळी, आवाज असा की वाऱ्यातही ऐकू जावा. दुसरी लाडकी, डोंगरातल्या पाड्यावरची. बारीक अंगाची, कमी बोलणारी, बोलली तरी समोरच्या गवताच्या गंजीकडे पाहून बोलणारी. जमनाबाय बोंबील, जवळा आणि मीठ आणायची. लाडकी नागली, वरई, पळसाची पानं, उन्हाळ्यात करवंदं. अदलाबदलीला तराजू नव्हता, माप नव्हतं. रीत अशी, की घेणारीने स्वतःच्या रिकाम्या टोपलीला हात लावायचा नाही. लाडकीची टोपली जमनाबाय भरायची, जमनाबायची लाडकी. घेणारीने तोंडातून "पुरे" काढायचं नाही. देणारीला वाटेल तेव्हा ती थांबेल. मी कितीतरी बाजार हे पाहत दारात बसले. दोघी एकमेकींच्या टोपलीत टाकत राहायच्या, आणि थांबायची वेळ आली की दोघींचेही चेहरे जरा रागावल्यासारखे व्हायचे. आई आतून म्हणायची, "हा व्यापार नव्हे, हा वेडेपणा आहे." पण तीही पडद्याआडून पाहत असायची.

हळूहळू आईने त्यांना पाणी दिलं. मग चहा दिला. मग तीच चहा घेऊन उंबऱ्यावर बसायला लागली, नाकाला पदर न लावता. सारवणं मात्र चालूच होतं. जमनाबाय तिला "घाटावरची बाय" म्हणायची आणि चिडवायची, "बाय, तुजा घाट मोठा काय समिंदर मोठा?" आई म्हणायची, "घाटाला वास येत नाही." यावर जमनाबाय एवढी हसायची की मैदानातली कुत्री उठून बसायची.

एका माघात लाडकीने सांगितलं की तिच्या मोठ्या मुलाचं लग्न ठरलंय. आई खूश झाली. लाडकी गंजीकडे पाहत पुढे म्हणाली, "पन त्याचे आदी माजं लगीन लावाय लागंल."

आईच्या हातातली बशी कलली. "तुझं? अगं, आणि ही पोरं?"

"पोरं झाली ना बाय. लगीन र्‍हायलं."

"राहिलं म्हणजे?"

"त्या साली पाऊस नाय झाला. मंग पोर झाला. मंग सासरा मेला. मंग पोरी झाल्या." लाडकीने खांदे उडवले. "र्‍हायलं."

डोंगरात हे कोणाला नवल नव्हतं. जोडपं संसार मांडायचं, आणि लग्नाचा सोहळा जमेल तेव्हा. कधी तो वर्षानुवर्षं जमत नसे. पण पोराच्या लग्नाआधी आईबापांचं लागलेलं असलं पाहिजे, हा नियम पक्का. मुलाच्या लग्नात भिंतीवर तांदळाच्या पिठाने देवीचा चौक काढतात, त्याला हात लावायचा तर बाई लग्नाची हवी. लाडकीला स्वतःच्या पोराचा चौक स्वतःच्या हाताने काढायचा होता. एवढं ती स्पष्ट बोलली. रात्री वडिलांना सांगताना आईचा आवाज बदललेला होता. "चाळिशीची बाई नवरी होणार," असं ती म्हणाली, आणि त्यात हसू नव्हतं.

अडचण वेगळीच होती. नवरीला हळदीच्या पाटावर बसवायला माहेरची बाई लागते, आणि लाडकीचं माहेर उरलं नव्हतं. आईबाप गेलेले, एकुलता भाऊ गवत कापायला म्हणून गेला तो कुठे गेला कळलं नाही. पुढच्या बाजाराला तिने जमनाबायला विचारलं. विचारलं म्हणजे काय, तिची टोपली भरता भरता म्हणाली, "माजे माहेराची तूच ये."

जमनाबायने उत्तर द्यायच्या आधी आपला हात लाडकीच्या टोपलीत आणखी दोनदा रिकामा केला. मग म्हणाली, "येते. पुनव होऊन जाऊं दे. पुनवेच्या नंतरचे बाजाराला बोंबील घेऊन येते, हितनंच तुज्यासंगं डोंगरात. माहेर काय रित्या हातानं येतं?"

ठरलं. लाडकीने पाड्यावर जाऊन भगताला सांगितलं, त्याप्रमाणे लग्नाचा दिवस निघाला, बाजारानंतरचा दुसरा; आधी तिचं, मागोमाग पोराचं.

पुनवेचा चंद्र बाजाराच्या आदल्या संध्याकाळी वखारीमागून वर आला. चांगला वाटोळा, पिवळा. मला आठवतं, कारण आईने मला बाहेर बोलावून दाखवला आणि म्हणाली, "उद्या लाडकी येईल बघ नवरी होऊन."

लाडकी आली. नवं नव्हे पण धुतलेलं हिरवं लुगडं नेसून, डोक्याला तेल लावून. ओट्यावर आपल्या जागी बसली. जमनाबायची जागा रिकामी. ऊन ओट्यावर चढलं, उतरलं. आईने दोनदा चहा दिला. दुपारी तिने भाकरी दिली, ती लाडकीने पदरात बांधली. बाजार उठायला लागला, बैलगाड्या जुंपल्या गेल्या. लाडकी उठली.

"काहीतरी अडलं असेल गं," आई म्हणाली.

"नाय बाय. दर्याचा मानूस डोंगर कशाला चढंल? माजंच चुकला. मी मागाय नको व्हतं."

ती गेली. रिकाम्या टोपलीसकट गेली. आईने त्या दिवशी ओटा सारवला नाही. मला वाटतं ती विसरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई माझा हात धरून वडिलांच्या प्रकल्पाच्या ट्रकमध्ये चढली. वडील म्हणाले, "अगं, कुठे?" ती म्हणाली, "दांडीला. भांडायला." पुढे बसलेला पंजाबी ड्रायव्हर सरकून बसला.

दांडीला मी समुद्र पहिल्यांदा एवढ्या जवळून पाहिला. पाणी पार घरांच्या अंगणाशी आलेलं. किनाऱ्यावर बांबूंच्या उंच वलांडी उभ्या केलेल्या, आणि त्यांच्यावर बोंबील वाळत घातलेले. दोन बोंबलांची तोंडं एकमेकांत अडकवायची आणि ती जोडी काठीवर टाकायची. वाऱ्याने त्या हजारो जोड्या एका दिशेला हलत होत्या. अख्खं गाव पळत होतं. होड्या लागत होत्या, बायका टोपल्या उतरवत होत्या, आणि त्यांच्यामध्ये जमनाबाय, कोपरापर्यंत हात भरलेले, ओरडत.

आई तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. "काल का आली नाहीस?"

"काल?" जमनाबाय थांबली. "काल काय व्हतं?"

"बाजार! पुनवेनंतरचा बाजार!"

"पन पुनव कुटं झाली, बाय?" जमनाबायने हात समुद्राकडे केला. "पानी बग ना! उदान हाय अजून. आज तं कालच्यापक्षा वर आलंय."

आई समुद्राकडे पाहत राहिली. आमच्याकडे पुनव आभाळात होते. लाडकीच्या डोंगरातही. दांडीला ती पाण्यात होते. चंद्र वाटोळा दिसला म्हणजे पुनव झाली असं तिथे कोणी म्हणत नाही. मोठं उधाण एक-दोन दिवस मागून येतं, ते येऊन ओसरायला लागलं, जाळी वर निघाली, पुरुष झोपले, की पुनव झाली. जमनाबायच्या हिशेबाने लाडकीचा बाजार अजून पुढच्या आठवड्यात होता.

"लग्न उद्या आहे," आई म्हणाली.

जमनाबायचा चेहरा मी विसरलेले नाही. मग ती वळली आणि वलांडीवरून बोंबील ओढायला लागली. सून ओरडली, "आवं, वले हाईत अजून!" उधाणात घरातलं माणूस निघून जाणं म्हणजे काय हे त्या सुनेला ठाऊक होतं. ती आणखीही पुष्कळ बोलली. जमनाबाय एकच म्हणाली, "माजी बईन पाटावं बसायची र्‍हायली हाय." दोन टोपल्या भरल्या. एक तिने आपल्या डोक्यावर घेतली. दुसरीकडे पाहून तिने इकडेतिकडे माणूस शोधलं. सगळ्यांचे हात गुंतलेले.

माझी आई खाली बसली, पदराची चुंबळ केली आणि म्हणाली, "दे."

ट्रकने बोईसरपर्यंत सोडलं. ड्रायव्हर सबंध वाट मान खिडकीबाहेर काढून गाडी चालवत होता. तिथून पुढे पायी. रूळ ओलांडले, वखारी मागे पडल्या, बांध संपले. अर्धओले बोंबील जड असतात, आणि त्यांचं पाणी गळतं. आईच्या कानामागून, मानेवरून ते खाली येत होतं. तिने एकदाही पुसलं नाही. चढण लागल्यावर जमनाबायचा दम गेला. वाळूवर दिवसभर पळणारी बाई, दगडावर तिला पाऊल टाकता येईना. "घाटावरचे बाय," ती धापा टाकत म्हणाली, "तुजा घाट मोठा. हरले." घाटावरची बाय मात्र सरळ चढत होती, माहेरची वाट असावी तशी.

पाड्यावर पोचलो तेव्हा ऊन झाडांच्या शेंड्यांवर गेलं होतं. कुडाच्या भिंतीला लाल गेरू दिलेला. त्यावर ओल्या पिठाने चौकाची नुसती कड काढलेली, आतली देवी अजून यायची होती. अंगणात एक रिकामा पाट. आपल्या आईबापांचं लग्न म्हणून लाडकीच्या मुली एकमेकींना चिमटे काढून हसत होत्या. तिचा नवरा जान्या नव्या धोतरात अवघडून पळसाच्या पानांच्या मांडवाचा खांब धरून उभा होता. आणि लाडकी भिंतीला टेकून, गुडघ्यात हनुवटी घालून. हळदीची वाटी तिच्याजवळ तशीच. पाटावर बसवायला कोणी नव्हतं, म्हणून सगळं थांबलेलं.

जमनाबायने टोपली उतरवली. लाडकीने वर पाहिलं. उठली नाही, हसली नाही.

"उशीर केलास," ती म्हणाली.

"कुटं उशीर? पुनव व्हायची हाय अजून. लवकर आले मी."

मग लाडकी रडली. एवढ्या वर्षांत तिला रडताना मी तेव्हाच पाहिलं. जमनाबायने तिचा उजवा हात धरला आणि मागे वळून आईला म्हणाली, "घाटावरचे बाय, बगतेस काय? डावा हात धर. माहेरात एकलीच बाय र्‍हाते काय?"

आईच्या हातांना बोंबलांचा वास येत होता. तिने ते पदराला पुसले, त्याने काही फरक पडला नाही, आणि लाडकीचा डावा हात धरला. दोघींनी मिळून तिला पाटावर बसवलं. हळद लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं लग्न लागलं, आणि तिचा हळदीने पिवळा झालेला हात पिठात बुडून पोराच्या चौकाला लागला. जेवणात भात आणि बोंबील होते. आईने नुसता भात घेतला. मग इकडेतिकडे पाहिलं, आणि कालवणात एकदा बोट बुडवलं. हे घाटावर कोणालाही सांगायचं नाही अशी मला तंबी होती. ती मी आजपर्यंत पाळली.

लग्न झालेली मुलगी माहेरी येते. पुढच्या बाजाराला लाडकी जान्याला घेऊन ओट्यावर आली आणि पदर पसरून बसली. आईने तिची खणानारळाने ओटी भरली, जमनाबायने बोंबलांनी. त्यानंतर दर वर्षी दिवाळीनंतर नवं भात निघालं की ती यायची, थोडे तांदूळ आणि वरईचं गाठोडं घेऊन, बाजार नसला तरी. अर्धा दिवस बसायची. कामाला हात लावायची नाही. माहेरी कोण काम करतं?

प्रकल्प वाढत गेला. बोईसरला हिंदी ऐकू यायला लागली, खानावळी निघाल्या, व्यापारी दांडीलाच जाऊन वलांडीवरचा माल उचलायला लागले. जमनाबायचं बाजाराला येणं कमी झालं, मग थांबलं. आम्हालाही वसाहतीत घर मिळालं. नळ, संडास, पंखा, आणि बाहेर फाटक. आई पहिल्याच दिवशी म्हणाली, "ओटा नाही." वडील म्हणाले, "ओट्याचं काय करायचंय आता?" त्या वसाहतीत कोणाचं माहेर मद्रासला, कोणाचं बंगालात, कोणाचं लुधियान्याला. टपालवाला दिसला की साऱ्या बायका खिडकीत.

त्या वर्षी दिवाळी होऊन गेली. एका दुपारी फाटकावरचा पहारेकरी दारात येऊन उभा राहिला. डोकं खाजवत म्हणाला, "बहनजी, बाहर एक औरत बैठी है. सुबह से बैठी है, जाती नहीं. बोलती है, यहाँ मेरा मायका है."

आई पोळ्या लाटत होती. कणकेचे हात तसेच घेऊन ती फाटकापर्यंत धावत गेली. मी तिला धावताना कधी पाहिलं नव्हतं.

आज मोबाइलच्या दुकानांपासून निघून मी त्या फाटकावर गेले. बदामाचं झाड आहे, त्याच्या सावलीत पहारेकऱ्याची चौकी. पोरगेलासा मुलगा होता. त्याने पिशवीकडे पाहून नाक आवळलं.

"किसके यहाँ जाना है?"

आई जाऊन पुष्कळ वर्षं झाली. वडील तिच्याही आधी. त्या घरात आता कोण राहतं, मला ठाऊक नाही.

"माहेर आहे माझं इथं," मी म्हटलं.

त्याने आत पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. फाटक उघडलं नाही. उघडायला नकोच होतं. चौकीतून त्याने आपली खुर्ची आणली, बदामाखाली ठेवली आणि म्हणाला, "बैठिए, माँजी."

मी बसले. बोंबलांची पिशवी मांडीवर घेऊन बराच वेळ बसले.